पाठीचा जुना त्रास आहे आणि कळांच्या वेळी एपिड्युरल घ्यायचंय? मग हे आधी करून ठेवा

लग्नाच्या दोन वर्ष आधी माझं कमरेचं ऑपरेशन झालं होतं. एल ४-एल ५ (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) मधली गादी सरकून डाव्या पायाची नस दबली होती, ती मोकळी केली. पुढे दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात मी जेवताना सहज म्हणाले की मला कळांच्या वेळी एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला कमरेतून देतात ते औषध, घ्यायचंय, तर सगळे खायचेच थांबले. आई म्हणाली, "अगं आधीच पाठीचं वाटोळं झालंय, त्यात अजून सुई टोचून घेणारेस?" सासूबाईंच्या मैत्रिणीच्या सुनेला म्हणे ते इंजेक्शन घेतल्यापासून आजतागायत वाकता येत नाही. अशी एक सून प्रत्येकाच्या ओळखीत असतेच, मला अजून एकदाही प्रत्यक्ष भेटलेली नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण दोन शहरं, तीन डॉक्टर आणि एक बाळंतपण एवढ्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितेय, कारण मला तेव्हा कोणी असं एका जागी सांगितलं नव्हतं, सगळं तुकड्या तुकड्यात आणि निम्मं उशिरा कळलं.

आधी नावांचा घोळ मिटवा

आपल्याकडे कमरेत दिलेल्या प्रत्येक गोष्टीला "पाठीतलं इंजेक्शन" म्हणतात आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. सिझरला बहुतेक वेळा देतात ते स्पायनल, एकदाच बारीक सुईने औषध सोडायचं आणि सुई काढायची, कंबरेखालचं सगळं काही तासांसाठी बधिर. कळांसाठी देतात ते एपिड्युरल, यात सुईतून एक केसासारखी बारीक नळी आत सरकवतात आणि सुई बाहेर काढतात (सुई आत राहत नाही, हे मी आईला चार वेळा सांगितलं), मग त्या नळीतून थोडं थोडं औषध देत राहतात. तिसरं म्हणजे पाठदुखीवाल्यांना हाडांचे डॉक्टर देतात ते स्टिरॉइडचं एपिड्युरल, जागा जवळपास तीच पण औषध वेगळं, हेतू वेगळा. तुम्ही पूर्वी ते घेतलं असेल आणि उपयोग झाला नसेल तर त्यावरून कळांच्या एपिड्युरलबद्दल काहीच अंदाज बांधू नका. आणि चौथं, एपिडोसिन. हे नुसतं नावाने सारखं वाटतं, ते पिशवीचं तोंड उघडायला मदत व्हावी म्हणून देतात, त्याने कळा थांबत नाहीत. माझ्या एका मावसबहिणीला वाटत होतं तिने एपिड्युरल घेतलं "पण काही फरकच पडला नाही बाई", फाईल बघितली तर एपिडोसिन!

अजून एक गोष्ट जी कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. मज्जारज्जू साधारण एल १-एल २ च्या आसपास संपतो, आणि एपिड्युरलची सुई त्याच्या खाली, बहुतेक वेळा एल ३-एल ४ किंवा एल ४-एल ५ च्या फटीत जाते. तिथे खाली नसांचा झुपका असतो, अख्खा रज्जू नसतो. शिवाय रज्जू आणि या नसांभोवती एक आवरण असतं, सुई त्याच्या बाहेरच थांबवायची असते, आत नाही जायचं.

"इंजेक्शनने पाठ कायमची जाते" याचं काय

यावर बरंच संशोधन झालंय. २०१८ चा कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आहे, ४० चाचण्या, ११,००० पेक्षा जास्त बायका, त्यात एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांमध्ये पुढे राहणाऱ्या पाठदुखीत फरक दिसला नाही. सिझरचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखरं, ठुसठुसतं राहू शकतं, ते खरंय.

मग त्या सुनेची पाठ का दुखते? कारण बाळंतपणानंतर पाठ दुखतेच बऱ्याच जणींची, इंजेक्शन घेतलेलं असो नसो. नऊ महिने पोट पुढे, सांधे सैल झालेले, मग रात्री बसून वाकून दूध पाजणं, बादलीवर वाकणं, बाळाला उचलणं. फक्त जिने इंजेक्शन घेतलं तिला दोष द्यायला एक जागा मिळते. ज्यांची पाठ आधीच बिघडलेली आहे त्यांची नंतरही दुखण्याची शक्यता जास्तच, हे मात्र मनाशी धरून चला, एपिड्युरल घ्या किंवा घेऊ नका.

पायरी १: "मणक्यात गॅप आहे" एवढ्यावर थांबू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून जरा जास्त लिहितेय. "गॅप आलाय", "नस दबलीय", "गादी सरकलीय" हे आपण घरात बोलतो, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना यातून काहीच कळत नाही. त्यांना हवं असतं कुठल्या मणक्याला, काय झालंय, ऑपरेशन झालं असेल तर नेमकं काय काढलं आणि काय बसवलं.

साधी कंबरदुखी, थोडी सरकलेली गादी, सायटिका (कंबरेतून पायात जाणारी कळ), यातलं काही असेल तर एपिड्युरलला सहसा आडकाठी नसते. पण पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अंगठा उचलताना कमजोरी आधीपासून असेल तर ती बाळंतपणाआधी तपासून कागदावर लिहून घ्या. नाहीतर नंतर हे जुनं का नवं यावर सगळेच डोकं खाजवत बसतात आणि दोष जातो इंजेक्शनला.

माझ्यासारखं गादीचं ऑपरेशन झालेलं असेल तरी बहुतेक वेळा देता येतं. अडचण अशी की ऑपरेशनच्या जागी आत व्रणासारखा चिकट थर तयार झालेला असतो, त्यामुळे औषध सगळीकडे सारखं पसरत नाही आणि एखादा पट्टा किंवा एक बाजू बधिर व्हायची राहून जाते. म्हणून डॉक्टर शक्यतो त्या जागेच्या वरची किंवा खालची फट निवडतात.

रॉड-स्क्रू बसवलेले असतील, म्हणजे पाठीच्या बाकासाठी किंवा फ्रॅक्चरसाठी मणके जोडलेले असतील, तर सगळा खेळ रॉड कुठे संपतात यावर आहे. छातीच्या भागात किंवा कंबरेच्या वरच्या एक-दोन मणक्यांपर्यंतच असतील तर खाली जागा मोकळी असते. थेट खालपर्यंत असतील तर सुई घालणं अवघड आणि घातली तरी औषध नीट पसरेल याची खात्री कमी. काही वेळा डॉक्टर सरळ नाही म्हणतात, आणि ते नाही म्हणणं तुमच्या भल्याचं असतं. ऑपरेशन न झालेला थोडा बाक असेल तर सहसा चालतं, जास्त असेल तर मणके फिरलेले असतात आणि सुईचा अंदाज चुकतो, तिथे आधी सोनोग्राफीने मध्यरेषा बघून खूण करतात, जिथे ती सोय आहे तिथे. अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस असेल तर मणके एकमेकांना चिकटत जातात, त्यांनी तर खूपच आधी भेटायला हवं.

आणि एक, कधीतरी जुन्या एक्सरेत "स्पायना बिफिडा ऑकल्टा" (मणक्याच्या मागच्या हाडात जन्मापासून राहिलेली फट) लिहून येतं आणि बायका घाबरून जातात. हे बऱ्याच लोकांमध्ये सहज सापडतं आणि बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही, पण कमरेवर केसांचा पुंजका, खळगा असेल किंवा पाय-लघवीचा काही त्रास असेल तर मज्जारज्जू खाली ओढलेला नाही ना हे एमआरआयने बघतात. साधा एमआरआय गरोदरपणात करता येतो, फक्त ते रंगाचं इंजेक्शन टाळतात.

हे मात्र थांबून वाचा: जांघेत, बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, लघवी कळेनाशी झाली किंवा अडकली, दोन्ही पाय अचानक लुळे वाटायला लागले तर ते "गरोदरपणात होतंच" नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

पायरी २: भूलतज्ज्ञांना कळा सुरू व्हायच्या आधी भेटा

गायनॅक मॅडमना सांगितलं म्हणजे झालं असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या "हो हो, बघू त्या वेळी". त्या वेळी म्हणजे रात्री दोनला, तुम्ही ओरडताय, आणि कोणीतरी अनोळखी डॉक्टर तुमच्या पाठीवरचा व्रण पहिल्यांदाच बघतायत. तसं नको. सातव्या-आठव्या महिन्यात, साधारण २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान, भूलतज्ज्ञांची वेगळी अपॉइंटमेंट मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, निदान मला तरी दिली नाही.

आता आपल्याकडची खास गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी! ऑपरेशन पुण्यात, नाव नोंदवलं पुण्यात, आणि सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की बॅग भरून साताऱ्याला. माझी ऑपरेशनची फाईल पुण्यातल्या कपाटात राहिली होती, नवऱ्याने ती नंतर आणली, आणि त्यातसुद्धा डिस्चार्ज कार्ड होतं पण ऑपरेशन नोट नव्हती. ती वेगळी असते, कुठला मणका, किती हाड काढलं हे तिच्यात लिहिलेलं असतं, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून काढावी लागते आणि त्याला दिवस लागतात. तर माहेरी जाण्याआधी ही नोट, एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही, एवढं पिशवीत टाका. डिंकाचे लाडू नंतर कुरिअरने येतात, ऑपरेशन नोट रात्री दोनला येत नाही.

माहेरच्या हॉस्पिटलात विचारायचं ते असं. भूलतज्ज्ञ रात्री तिथेच असतात का फोन केल्यावर येतात, आणि यायला किती वेळ लागतो? छोट्या शहरात एकच डॉक्टर चार-पाच हॉस्पिटलं सांभाळत असतात, ते बिचारे दुसरीकडे सिझरला उभे असतील तर तुमचं एपिड्युरल थांबणार. इथे कळांसाठी एपिड्युरल नेहमी देतात का कधीतरीच? नळी टाकल्यावर लक्ष कोण ठेवणार? पाठीचं ऑपरेशन झालेल्या बाईला यांनी पूर्वी दिलंय का? पैसे पॅकेजमध्ये धरलेत का वेगळे, कारण बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. आणि शेवटचा प्रश्न जो विचारायला मला लाज वाटली होती पण विचारला: नाही जमलं तर तुमचा दुसरा प्लॅन काय?

त्या प्रश्नावर डॉक्टर (साठीचे असतील, एकदम शांत) पंधरा मिनिटं बोलले. म्हणाले, "बाळा, तुझ्यासारखीला मी लवकर नळी टाकायला सांगेन, कारण चालली तर उत्तम, पुढे सिझर करावं लागलं तर त्याच नळीतून जास्त औषध देऊन काम होतं, आणि नाही चालली तर ते मला निवांत वेळ असताना कळलेलं बरं, घाईच्या सिझरच्या वेळी नको." म्हणजे स्पायनल पण नाही जमलं तर पूर्ण भूल द्यायची वेळ येऊ शकते, त्याची तयारी त्यांनी आधीच मनात केली होती. पूर्वी पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्याशिवाय द्यायचं नाही असं म्हणायचे, आता तसं बंधन धरत नाहीत.

पायरी ३: गोळ्या आणि इंजेक्शनं सांगा

रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर हे पाठीच्या त्रासापेक्षा मोठं कारण ठरतं. नुसती इकोस्प्रिन (कमी डोसची अ‍ॅस्पिरिन) असेल तर सहसा अडत नाही. पण पोटावर घ्यायची एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं चालू असतील तर कमी डोसनंतर साधारण १२ तास आणि जास्त डोसनंतर २४ तास जाऊ द्यावे लागतात. म्हणून कळा सुरू झाल्यासारखं वाटलं की पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी फोन करा, आणि शेवटचं कधी घेतलं ती वेळ लिहून ठेवा. मनाने मात्र काहीही बंद करू नका. प्लेटलेट फार कमी असतील तरीही देत नाहीत, पावसाळ्यात डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर मुद्दाम सांगा.

पायरी ४: दुखत नाही तोवर किती वाकता येतं ते मोजून ठेवा

ही गोष्ट मला फिजिओथेरपिस्टनी सांगितली आणि माझ्या मते हीच खरी गुरुकिल्ली आहे पाठवाल्यांसाठी. एपिड्युरल चढलं की पाठ बधिर. म्हणजे चुकीच्या स्थितीत तीन तास पडून राहिलात तरी "आई गं" म्हणायला काही दुखतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. म्हणून नवव्या महिन्यात घरी पलंगावर पडून बघा: कुठल्या कुशीवर बरं वाटतं, गुडघा छातीकडे किती आणला की पायात कळ जाते, दोन पाय किती फाकवले की माकडहाडाशी ओढ बसते. ते चिठ्ठीवर लिहा. माझ्या चिठ्ठीवर होतं "डावा पाय ९० अंशाच्या वर नको, पाठीवर सपाट १० मिनिटांच्या वर नको, दोन्ही पाय एकदम वर-खाली करा, एकेक नको". ती फाईलच्या कव्हरवर चिकटवली आणि नवऱ्याला पाठ करायला लावली. भूल असताना तुमची पाठ म्हणजे तो.

त्या दिवशी

आधी हाताला सलाईनची सुई, बीपी, बाळाच्या ठोक्यांचा पट्टा. मग बसून किंवा कुशीवर पाठीची कमान करायला सांगतात, मांजर अंग गोळा करते तशी. मला बसून वाकणं कळेच्या वेळी जमेना, मी कुशीवर मागितलं, डॉक्टरांनी दिलं. मागायला लाजू नका. कळ येतेय असं वाटलं की सांगा, ते थांबतात, पण तुम्ही हलायचं नाही. सुई किंवा नळी जाताना पायात झटका बसला तर लगेच सांगा आणि कुठला पाय तेही सांगा, सायटिकावाल्यांना वाटतं आपलंच नेहमीचं असेल आणि गप्प बसतात.

माझ्या वेळी पहिल्या फटीत जमलं नाही, दुसऱ्या फटीत गेली, एकूण अर्धा तास गेला असेल. वीस एक मिनिटांनी उजवी बाजू मस्त शांत आणि डावी जांघ तशीच, कळ आली की तिथेच सगळी गोळा व्हायची. मी रडायलाच लागले, वाटलं झालं, ऑपरेशननेच घात केला. डॉक्टरांनी नळी थोडी मागे ओढली, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि अजून औषध दिलं, पंधरा मिनिटांत डावीकडेही उतरलं. पूर्ण नाही, जवळपास. चांगल्या पाठीच्या बायकांमध्येही दहात एखादीला पुरेसं लागत नाही, त्यामुळे "अजून एका बाजूला दुखतंय" हे बिनधास्त सांगत राहा, बऱ्याचदा दुरुस्त होतं, नाहीतर नळी बदलतात.

बीपी उतरून गरगरू शकतं, अंगाला खाज, थंडी वाजल्यासारखी थरथर, लघवी कळत नाही म्हणून नळी, हे सगळं होऊ शकतं आणि त्यांना ते माहीत असतं. दर अर्ध्या तासाने कूस बदला, पायांमध्ये उशी. जोर काढायच्या वेळी थोडा वेळ जास्त लागू शकतो. तेव्हाच ती चिठ्ठी लागते, कारण घाईत मावशी आणि सिस्टर पाय धरून छातीला लावतात. माझ्या नवऱ्याने दोनदा "ताई, डावा एवढा नको" म्हटलं, एकदा ओरडा पण खाल्ला.

नाहीच मिळालं तर

काही ठिकाणी एन्टोनॉक्सचा गॅस असतो, स्वतः तोंडाला मास्क धरून ओढायचा. ट्रामाडॉलसारखी इंजेक्शनं आहेत, कळ बोथट होते पण गुंगी आणि मळमळ येते. गरम पाण्याची अंघोळ, मोठ्या बॉलवर बसणं, गुडघ्या-हातांवर ओणवं राहणं आणि कोणीतरी माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळव्याने दाबणं. कमरेत येणाऱ्या कळांना हे शेवटचं खरंच बरं वाटतं, नळी टाकायच्या आधीचे तीन तास मी आईच्या तळहातावर काढलेत.

नंतरचे दिवस

पायात जोर यायला काही तास लागतात, पहिल्यांदा उठताना कोणीतरी धरायला हवंच. पाठ-पाय बधिर असेपर्यंत गरम पिशवी किंवा शेक अजिबात नको, चटका बसलेला कळत नाही. शेक-शेगडीची घाई आपल्याकडे फार, आजीला समजवावं लागतं. मालिशवाल्या मावशींना सांगा की टोचलेल्या जागेवर आणि मणक्यांवर अंगठ्याने दाबायचं नाही, बाजूने चालेल.

उठून बसलं की डोकं फुटतंय आणि आडवं झालं की थांबतंय असं पहिल्या आठवड्यात झालं तर हॉस्पिटलला कळवा, शंभरात साधारण एकीला होतं, सुई आवरणाला लागून आतलं पाणी झिरपल्यामुळे. त्यावर उपाय आहे, तुमचंच थोडं रक्त त्या जागी देऊन बंद करतात. ताप आणि वाढती पाठदुखी, टोचलेल्या जागी पू किंवा लाली, भूल उतरल्यावर पुन्हा पाय जड पडणं, लघवी अडकणं, हे मात्र फोनवर विचारत बसायचं नाही, थेट जायचं.

दूध पाजताना बाळाला उशीवर घेऊन छातीपर्यंत आणा, तुम्ही बाळाकडे वाकू नका. मी पहिले आठ दिवस वाकूनच पाजलं आणि जी पाठ दुखायला लागली ती खांद्याच्या खाली, सुईच्या जागेपासून वीतभर वर. आईने अर्थातच इंजेक्शनलाच शिव्या घातल्या.

डिस्चार्जच्या दिवशी भूलतज्ज्ञांकडून एक ओळ लिहून घ्या: कुठल्या फटीत जमलं, कुशीवर का बसून, कुठली बाजू राहिली होती, नळी किती आत ठेवली. आमच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहून दिलं, "एल २-एल ३, डावी कूस, नळी १ सेंमी मागे घेतल्यावर दोन्ही बाजू". ती झेरॉक्स आता एका प्रतीत पुण्याच्या कपाटात आणि एका प्रतीत साताऱ्याला आईच्या ट्रंकेत आहे.